न दिलेली ओळख

"बोल ना! मुक्ताबाई तुझ्या दवाखान्यात येत होत्या ना?" लीलाबाई सुनेवर कडाडल्या. "वेड्या बाईची मुलगी माझ्या धवलच्या गळ्यात बांधली जातेय... आणि तुझ्या तोंडून चकार शब्द नाही!"

चंद्रिकेच्या अंगाची लाही लाही झाली. वेडी! डिप्रेशनवर उपचार करणारी डॉक्टर म्हणून लोणावळ्यापासून माणसं तिचं नाव शोधत तळेगावात येत, आणि तिच्याच घरात लग्नाला चौदा वर्षं झाल्यावरही हा शब्द! वराळ्याच्या मुक्ताबाई, धाकट्या दिराच्या, धवलच्या, होणाऱ्या सासूबाई, तिच्याकडे येत होत्या हे खरं. खडखडीत बऱ्या झाल्या हेही खरं. मुलगी बघायच्या दिवशी पोह्यांची बशी घेताना दोघींची नजरानजर झाली होती. पण पेशंटनं आधी ओळख दिल्याशिवाय आपण द्यायची नाही, हा तिचा नेम. मुक्ताबाईंनी नजर वळवली, तिनंही वळवली. कुणा नातेवाइकानं त्यांना दवाखान्याच्या बाकावर पाहिलं होतं, ते आज लीलाबाईंच्या कानावर आलं.

'त्या बऱ्या झाल्यात' एवढं म्हटलं तरी सुटका होती... पण तेही सांगणंच झालं असतं!

"माझ्याकडे कोण येतं, कोण नाही, हे मी कुणालाच सांगत नाही, आई."

"घरच्यांनाही नाही? मग या घरात राहतेस कशाला? चालती हो!"

"ती कुठेही जाणार नाही!" सासरे, दीनानाथ, उठून उभे राहिले. "लीला, सात वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो, तेव्हा दर गुरुवारी ही मला लोणावळ्याला न्यायची. सासऱ्याच्या नावाखाली भटकते, घरकाम टाळते, म्हणून काय काय बोललीस तू तिला! अगं, फिरायला नाही... घरच्यांवर ती स्वतः उपचार करत नाही, म्हणून तिच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जात होतो मी. मला जगावंसंच वाटत नव्हतं, लीला!"

लीलाबाई सुनेकडे वळल्या. "आणि तू... मुकाट्यानं ऐकून घेतलंस माझं?"

"बाबांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं," चंद्रिका म्हणाली. इतक्या वर्षांचा संताप आता कुठे तिच्या डोळ्यांतून वाहू लागला.

लीलाबाईंनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "चुकले गं पोरी..! आता तरी सांग, मुक्ताबाई खरंच..."

"नाही सांगणार, आई."

"नकोच सांगूस!" त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि आतल्या खोलीकडे हाक दिली. "धवल, वराळ्याला फोन लाव. साखरपुड्याची तारीख तीच, म्हणावं."

मग त्या नवऱ्याजवळ जाऊन बसल्या, आणि सात वर्षं उशिरा त्यांनी विचारलं, "अहो... आता बरं वाटतं ना तुम्हाला?"