नंबर टाकलेल्या पट्ट्या

"साहेब, माझी मंडळी गेली, दगडाबाई. हात तेवढा भाजला हुता. दवाखान्यात सडून मेली," राजूरच्या पोलीस चौकीत गोरक्ष हुंदका आवरत म्हणाला. "मागल्या पंधरवड्यात तिथंच आनखी दोघी गेल्या."

फौजदार गहिनीनाथ आव्हाड लगेच दवाखान्यात पोचले. १९९७ साल होतं. तिथले डॉ. प्रवीण कोळंबीच्या कवचापासून काढलेल्या धाग्याची पट्टी भाजलेल्या रुग्णांवर वापरून बघत होते. हा धागा जंतू मारतो, असा त्यांचा दावा होता; ते तपासायला त्यांनी फ्रिजमध्ये जंतूंच्या बाटल्या ठेवल्या होत्या. तुलनेसाठी अर्ध्या रुग्णांना साधी सुती पट्टी बांधत.

"दगडाबाईला कोणती होती?"

"साधी. मेलेल्या तिघींनाही साधीच," प्रवीण शांतपणे म्हणाले. "माझा धागा असता तर वाचल्या असत्या."

फौजदारांनी नर्स रेश्माला व्हरांड्यात बोलावलं.

"जंतू मारायला पट्ट्या वाफवतं कोण?"

"मी, साहेब. दोन्ही प्रकारच्या एकाच डब्यात. मग पाकिटं सरांच्या कपाटात जातात."

"साधी कुठली, ओळखता?"

"नाही. दिसायला सारख्याच. पाकिटावर नुसता नंबर. यादी सरांकडे असते, मलाही दाखवत नाहीत."

कोपऱ्यातल्या खाटेवर मालनबाई बसली होती. तिच्या भाजलेल्या पायावर लुगड्याची चिंधी होती. चिंधीखालची जखम स्वच्छ, लालसर.

"दवाखान्याची पट्टी कुठंय?"

"फेकली. दुसऱ्याच दिशी लई घान वास आला. ही चिंधी धुऊन बांधली. नर्सबाईला सांगू नका."

तिच्या केसपेपरवर पट्टीचा नंबर होता सतरा.

फौजदारांनी कपाटातली पाकिटं उजेडात धरून पाहिली. अकरा पाकिटांच्या कोपऱ्याला सुईएवढं भोक होतं. ती वेगळी काढून त्यांनी यादी मागितली. प्रवीण देईनात. शेवटी सोबतच्या हवालदाराने खण उघडून यादी काढली.

अकराच्या अकरा साध्या पट्ट्या. सतरा नंबरही साधाच.

"वाफवलेल्या पट्टीपेक्षा धुतलेली चिंधी बरी कशी ठरते?" फौजदार म्हणाले. "कारण वाफवल्यावर कुणीतरी सुईने पट्टीत जंतू सोडले. रेश्माने सोडले असते तर दोन्ही प्रकारच्या पाकिटांना भोकं असती, तिला साधी कुठली ते माहीतच नव्हतं. माहीत होतं एकट्या तुम्हाला. आणि जंतूंच्या बाटल्या तुमच्याच फ्रिजमध्ये आहेत."

प्रवीणनी चष्मा काढून पुसला.

"साध्या पट्टीनेही सगळे बरे होत होते. फरकच दिसत नव्हता. पुढच्या महिन्यात निकाल तपासायला मुंबईहून तज्ज्ञ येणार होते. फरक दिसायलाच हवा होता."

दारात गोरक्ष उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"डाक्टर, माझ्या दगडाबाईला साधी पट्टी का दिली? तिनं काय वाकडं केलं हुतं तुमचं?"

"काहीच नाही," प्रवीण म्हणाले. "चिठ्ठ्या टाकल्या होत्या. तिची तशी निघाली."