निरवांगीच्या ओसरीवरची मुलाखत

ही गोष्ट रचलेली नाही. घडली ती गेल्या फेब्रुवारीत, इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीत. रात्र नव्हती, भर दुपार होती. ज्याला पटणार नाही त्याने सोडून द्यावी.

बारामतीची करुणा माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या आठवणी रेकॉर्ड करते. तिची एक पद्धत आहे. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. समोरचा कितीही थांबला तरी मध्ये बोलायचं नाही.

त्या दिवशी समोर प्रयागबाई होत्या. नवरा एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. देह आला नाही. कसा गेला, कुणी सांगितलं नाही. म्हणून त्यांनी कुंकू पुसलेलं नाही.

"मला दुसरं काय बी नगं," त्या म्हणाल्या. "त्यांचं काय झालं, एवढं कळाया पायजे. मग मी मोकळी."

करुणाने रेकॉर्डर सुरू केला. "आजी, आधी मालकांचं नाव सांगा."

"नाव न्हाय घेत मी."

शेजारी बसलेला पुतण्या दीपक हसला. "काकीनं लग्नातबी घेतलं न्हाय. सगळं वऱ्हाड ताटावर ताटकळलं हुतं म्हणं."

"तू जन्मला तरी हुतास का रं, मुडद्या?"

मग त्या करुणाकडे वळल्या. "नाव घेतलं की हाक मारल्यागत हुतं. जाणाऱ्याला मागनं हाक मारू न्हाई, पोरी."

नाव दीपकनेही सांगितलं असतं. पण करुणाला ते त्यांच्याच आवाजात हवं होतं.

"एकदाच, आजी."

आणि ती गप्प बसली. नेहमीसारखी.

प्रयागबाई बराच वेळ समोरच्या उसाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मानसिंग."

उसाची सळसळ थांबली...

रस्त्याने ट्रॅक्टर चालला होता. त्यावरचं गाणं मध्येच तुटलं. ट्रॅक्टर मात्र चालतच होता...

दीपक काहीतरी बोलत होता. त्याचे ओठ हलत होते.

आवाज नव्हता.

प्रयागबाई बाजेवरून उठल्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि खाली मान घालून आत गेल्या. घरधनी आल्यावर जुन्या बायका जात, तशा.

बाज रिकामी होती.

तिची सुंभं करकरली... मधोमध झोळ पडला.

करुणाला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. हात गार पडले होते, एवढंच आठवतं.

त्यानंतरचं आठवतं ते दीपकचं बोलणं. "मॅडम, च्या गार झाला की."

कपात साय धरली होती. ऊस सळसळत होता.

दुसऱ्या दिवशी बारामतीत तिने हेडफोन लावले. प्रयागबाईंनी घेतलेलं नाव ऐकू आलं. मग नुसती पोकळी.

मग तिचा स्वतःचाच आवाज.

"थंडी फार होती का?"

...

"नदीत आधी कोण उतरलं?"

...

"तो जखमी होता. त्याला सोडून तुम्ही मागे का नाही फिरलात?"

...

प्रत्येक प्रश्नानंतर उत्तराएवढी शांतता. त्यात श्वाससुद्धा नाही. हे प्रश्न विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. पण मुलाखत तिचीच होती. ती एकदाही मध्ये बोलली नव्हती.

शेवटचा प्रश्न होता, "आजींना काय सांगू?"

ही शांतता सगळ्यांत लांब होती...

मग तिचाच आवाज, हळू.

"बरं. सांगते."

रेकॉर्डिंग तिथे संपतं.

संध्याकाळी प्रयागबाईंचा फोन आला. आवाज अगदी नेहमीचा.

"पोरी, मी आत हुते. बाप्यांच्या बोलण्यात मी बसत न्हाय. काय म्हणालं त्ये?"

करुणाला प्रश्न माहीत होते, उत्तरं आठवत नव्हती. तिने खरं तेच सांगितलं.

"आठवंल," प्रयागबाई म्हणाल्या. "मी हाय अजून."

आता त्या रोज फोन करतात. "आठवलं का?" एवढंच विचारतात आणि गप्प बसतात. मध्ये बोलत नाहीत.

त्या वेळी करुणाच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज बंद होतो...

पंखा फिरतच असतो.