स्पीकर लावण्याआधी

बसा, दिवा जरा इकडे सरकवतो. दोऱ्या-बटणांच्या धंद्यात माणूस एक गोष्ट शिकतो. गिऱ्हाईक बोलायला लागलं की आपण ऐकायचं. पण गिऱ्हाईक फोनवर बोलायला लागलं की आपण लेस मोजायला घ्यायची. हल्ली हे सांगायची सोय नाही. परवा एक बाई माझ्या काउंटरवर फोन ठेवून सुनेशी भांडत होत्या, आणि सून फोनमधून मलाच विचारते, "काका, तुम्हीच सांगा, माझं चुकलं का?"

तर त्या संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं, थर्मासमध्ये चहा भरला आणि दवाखान्यात गेलो. शेजारच्या दुकानातले शिंपी, आमचे मास्तर, तिथे होते. पायरीवरून घसरले नि मांडीचं हाड मोडलं. एक हात प्लास्टरात, दुसऱ्याला सलाइन. सकाळी ऑपरेशन होतं, आणि हृदय काही भरवशाचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मास्तर म्हणाले, "शेठ, टाचणीला फोन लावता? तुमच्या नंबरवरून. माझा ती उचलत नाही."

टाचणी म्हणजे त्यांची मुलगी. लहानपणी तशीच होती, बारीक नि टोकदार. माझ्या दुकानातली रंगीत बटणं तिनं किती पळवली असतील!

ती का बोलत नव्हती, हे आमच्या दुकानांच्या सगळ्या ओळीला ठाऊक होतं. त्याचंच तर दुःख होतं. पूर्वी ओळीत एकच फोन होता, मास्तरांच्या दुकानात, काळा, वजनदार. कुणाचाही फोन आला की वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, पायानं चालवायचं ते मशीन थांबवायची आणि दुकानातल्या सगळ्यांना म्हणायची, "तुम्ही जरा बाहेर बसा." अगदी मऊ आवाजात. पण ब्लाउजचं माप अर्धवट राहिलेली बाईसुद्धा उठून बाहेर जायची. आम्ही पायरीवर बसून गप्पा मारायचो, आत कुणी रडायचं, कुणी हसायचं. काय झालं, हे कधी कुणी विचारलं नाही. काय दिवस होते हो!

वहिनी देवाघरी गेली, मोबाइल आले. मास्तरांचे दोन्ही हात कापडावर, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर, मशीनच्या फळीवर. एके दुपारी दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, आणि टाचणीचा फोन आला. नवरा सोडून गेला, हे ती रडत रडत सांगत होती. मास्तर शिवत शिवत "हं, हं" करत होते. मध्येच कुणीतरी मोठ्यानं "अरेरे" केलं.

"बाबा, कोण आहे तिथे?" तिनं विचारलं. आणि फोन ठेवला. तो ठेवलाच.

तर दवाखान्यात त्या संध्याकाळी मी नंबर लावला. मास्तरांना कमी ऐकू येतं, हात अडकलेले, त्यामुळे स्पीकर लावण्यावाचून इलाज नव्हता.

"काका? इतक्या दिवसांनी?"

"टाचणे, बाबा बोलणार आहेत. सकाळी ऑपरेशन आहे. फोन स्पीकरवर आहे हं, आधीच सांगतो."

"कोण कोण ऐकतंय?"

"मी आणि बाबा. दुसरी खाट रिकामी आहे. दार लावलंय."



"काका... खोटं का बोलता?"

"अगं, तुझी शपथ..."

"मग मशीन कुणी थांबवलं आत्ता?"

मला काही ऐकू आलं नव्हतं. पण खोलीतला औषधांचा वास गेला होता. मशीनच्या तेलाचा वास येत होता, आणि इस्त्रीखालच्या गरम, कोऱ्या कापडाचा. मास्तर माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. घाबरलेले नव्हते. लग्नाच्या फोटोत आहेत ना, तसे दिसत होते.

"काका," टाचणी अगदी हळू म्हणाली, "आई तुम्हाला बाहेर बसायला सांगतेय..."

मास्तर पुटपुटले, "ऐका की हो तिचं."

मी फोन उशीवर ठेवला आणि मागे न बघता बाहेर आलो. दाराशी नर्स गोळ्यांचा ट्रे घेऊन उभी होती.

"आत जायचं नाही का?" मी विचारलं.

"थांबा म्हणाल्या ना त्या."

"कोण?"

"आतल्या बाई. मास्तरांच्या मिसेस ना?"

मी बाकावर बसलो. दारातून मास्तरांचं रडणं येत होतं, मग टाचणीचं, मग दोघांचं हसणं. मधूनमधून दोघंही गप्प व्हायची. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

ऑपरेशन छान झालं. टाचणी आली, बापाच्या गळ्यात पडली आणि त्याला आपल्या घरी घेऊन गेली. शेजारचं शटर आता बंदच असतं. संध्याकाळी पायरीवर मी एकटा बसतो.

ती बाबांना घेऊन जाताना मी तिला विचारलंच. "माझ्यादेखत बोलायला काय हरकत होती गं? मी काय परका?"

"बाबांनी माफी मागितली, काका. ते तुमच्यासमोरही चाललं असतं."

"मग?"

"आई तुमच्याबद्दल बोलत होती," ती म्हणाली, आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला तिचा फोन येतो. जेवलात का, दम लागतो का, तुमच्या मुलाला थोडे दिवस बोलावून घ्या ना. मी हसण्यावारी नेतो. फोन कानाला घट्ट लावूनच बोलतो, दुकानात कुणी नसलं तरी.

बोलणं संपलं तरी ती लगेच फोन ठेवत नाही. जराशी थांबते, आणि मग हळूच "बरं" म्हणते.

ते मला म्हटलेलं नसतं.