उजेडाची शेवटची पंगत

ध्रुवाजवळच्या हिमतळावर त्या दिवशी सूर्य एक तास पन्नास मिनिटं दिसणार होता आणि तेवढ्यातच विमान येऊन जाणार होतं. त्यातली एक जागा कुंदाताई तांडेल यांची होती. तळाच्या मुदपाकखान्याच्या त्या मुख्य. दोन दिवसांपूर्वी पहाटे शेगडीपाशी उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला, तेल पेटलं, बंद तळभर धूर झाला. 'आळशी, बेजबाबदार, परत पाठवावे' असा शेरा मारून डॉ. वामन केळुसकरांनी सही ठोकली होती. देहघड्याळाचे एवढे मोठे जाणकार, त्यांच्यापुढे बोलणार कोण?

बोलली ती गेल्याच आठवड्यात रुजू झालेली डॉ. नफिसा मुजावर. उजेडघराचं वेळापत्रक घेऊन ती त्यांच्या प्रयोगशाळेत आली.

"सर, उजेडघरात जागा बारा, माणसं बहात्तर. म्हणून सहा पंगती, बरोबर?"

"बरोबर. बाहेर दिवस हा एवढासा. अर्धा तास प्रखर निळसर उजेड डोळ्यांत गेला नाही, तर देहघड्याळ भरकटतं. माझीच योजना आहे ही."

"सकाळी उजेड मिळाला तर?"

"घड्याळ पुढे सरकतं. झोपही लवकर, जागही लवकर."

"आणि रात्री मिळाला तर?"

"मागे पडतं. शरीराला वाटतं, दिवस अजून..." केळुसकर बोलता बोलता थांबले.

"मुदपाकखान्यातल्या बायका कितव्या पंगतीला बसतात, सर?"

शेवटच्या. रात्री नऊला, भांडी आवरून. असं कुणी ठरवलं नव्हतं हो. आपल्याकडे वाढणारी मागून जेवते, तशीच ती मागून उजेडाला बसली आणि कुणाला काही खटकलं नाही. नऊला उजेड घेतल्यावर त्यांच्या शरीराची मध्यरात्र उगवायची पहाटे पाचला, आणि नेमकं तेव्हाच उठून बहात्तर जणांचा नाश्ता रांधायचा. झोप येणार नाही तर काय होणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

केळुसकरांचे कान तापले. त्यांना आणखी एक आठवलं. दोन महिन्यांपूर्वी कुंदाताई आपण होऊन आल्या होत्या. "आजारी होते तेव्हा आठवडाभर सकाळच्या पंगतीला बसले, सर. छान झोप लागली. असं का होत असेल?" त्यावर ते चारचौघांत म्हणाले होते, "ताई, काम नसलं की सगळ्यांनाच छान झोप लागते." लोक हसले होते. तेही हसले होते. आता त्या हसण्याची त्यांना शिसारी आली.

"उपाय?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"त्यांना पहिली पंगत द्यायची. शेवटच्या पंगतीला आपल्यातले बारा जण बसतील आणि सकाळी उशिरा उठतील. दिवा एकही वाढवायला नको."

म्हणजे इतकं सोपं होतं. केळुसकर कोट अंगात चढवत धावपट्टीकडे पळाले.

विमान उभं होतं. कुंदाताई पिशवी पायाशी ठेवून थांबल्या होत्या. निरोपाला आलेल्या सगळ्यांसमोर केळुसकर म्हणाले, "ताई, चूक तुमची नाही, माझी आहे. मी शेरा मागे घेतो. मला लाज वाटते."

कुंदाताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. उजेडाचं गणित त्यांना लगेच कळलं. त्यांनीच तर ते आधी विचारलं होतं.

"थांबते मी," त्या म्हणाल्या. "पण हौसाचं काय?"

मुदपाकखान्यातलीच हौसा गेल्या हिवाळ्यात अशीच परत गेली होती. तीच पंगत, तोच शेरा.

"मी तिला आजच पत्र पाठवतो."

"पत्र ती एकटी वाचेल, सर. तुमचा शेरा गावभर झालाय. झोपाळू म्हणतात तिला. कुठे कामाला उभी करत नाहीत."

सूर्य कलायला लागला होता. वैमानिकाने घाई केली: बाई येत नसतील तर जागा रिकामी जाणार का?

"नाही," केळुसकर म्हणाले. "मी येतो."

"सर, सामान?" नफिसाने विचारलं. त्यांनी 'नको' म्हणून मान हलवली. दोन पायऱ्या चढले आणि पुन्हा खाली उतरले. हौसाचं गाव कुठलं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं; ते त्यांनी खाली मान घालून कुंदाताईंना विचारलं.