शून्य वाचलं कुठं?

"खातं बंद करा," बाई म्हणाली आणि तिचा आवाज तिथंच फाटला.

लोकांच्या वेबसाइट भाड्यानं ठेवणारं ते ऑफिस. तक्रारींच्या टेबलावर मिरची बसायची. खरं नाव वेगळं होतं, पण स्वभाव बघून हेच चिकटलं. बाईशेजारी तिचा दीर काडीनं दात कोरत होता. काडीला लागलेलं निरखून बघायचा, की परत आत. मिरचीनं तोंड फिरवलं.

बाई कापडी बाहुल्या करून साइटवर विकायची. घर त्यावरच चालायचं.

"बंद का?"

"कुणी फिरकतच नाही हो साइटवर."

"कोण म्हणतं?"

"भाऊजी. हे गेल्यापासून मेलबिल सगळं तेच बघतात."

"आज सकाळीच बघितलं," दीर म्हणाला. "काल शून्य, आज पण शून्य. साइटचं नाव विकत घ्यायला माणूस तयार आहे. करा सही, वहिनी."

"थांबा हो," मिरचीनं त्याला अडवलं. "ताई, आणखी काही अडचण?"

"एक गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं. म्हणालं, तुम्हाला मेल केला की परत येतो. जागा भरलीय म्हणे."

मिरचीची भुवई चढली. कुणी फिरकत नाही, तर जागा भरली कशानं?

तिनं खातं उघडलं. भेटी मोजणारी साधनं सगळी बंद. फक्त याच खात्यात.

"ए टकल्या!" ती सर्व्हरवाल्यावर ओरडली. "या खात्याची मोजणी तू मारलीस?"

"मी कशाला मारू? फोन आला, वहिनींना साधनं स्वतः निवडायचीत म्हणून. मी परवानगी दिली फक्त. बंद केलंय आतून, पासवर्ड टाकून."

"फोन बाईचा?"

"नाही, पुरुषाचा."

"मला पासवर्ड कुठं माहितीय?" बाई पुटपुटली.

"चुकून दाबलं असेल वहिनींनी," दीर हसला. दातांत पालेभाजी.

"गप बसा!" मिरची कडाडली. "लोक आले की सर्व्हर कच्ची नोंद ठेवतो. मोजून झाली की ती आपोआप पुसली जाते. तुम्ही मोजणीच बंद केलीत. नोंदी साचल्या आणि खातं मोरीसारखं तुंबलं, मेललाही जागा उरली नाही. म्हणजे ताई, लोक येत होते. ढिगानं येत होते. तुंबायच्या आधी आलेले ऑर्डरींचे मेल हे महाशय गिळत होते."

"पुरावा काय?" दीर म्हणाला.

"मोजणी बंद असली की पानावर शून्य येत नाही, पान कोरं येतं. मग आज सकाळी शून्य वाचलंत कुठं?"

काडी खाली पडली.

मिरचीनं मोजणी चालू केली. थोड्या वेळानं पडद्यावर आकडा चढायला लागला. बाईनं तो मोठ्यानं वाचला. मग दिराकडं वळली.

"माझ्या ताटातला मऊ घास तुम्हाला वाढायचे मी," ती म्हणाली. "शी! ते ताट आता फेकूनच देते."

आणि मिरचीला म्हणाली, "नवा पासवर्ड कसा टाकायचा ते दाखव गं. माझ्या हातानं टाकते."