रंभाबाईंची वाट

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. ही माझ्या सख्ख्या बहिणीची गोष्ट आहे, आणि मी तिथं होते.

गेल्या डिसेंबरातला रविवार. मुळशीतलं भरे गाव. दिवस मावळत होता.

क्षितिजाताई दिवाणी वकील. कायम प्रतिवादीकडून उभी राहायची. म्हणजे ज्याच्यावर दावा लागलाय, त्याला वाचवायचं. त्यात ती पक्की होती.

भऱ्यातल्या रंभाबाईंनी एका प्लॉटिंगवाल्यावर दावा लावला होता. त्यानं भिंत घातली आणि त्यांची शेतात जायची वाट बंद झाली. ताई प्लॉटिंगवाल्याची वकील. कोर्टात तिचं म्हणणं एकच... तिथं वाट कधी नव्हतीच.

तारखा पडत राहिल्या. रंभाबाई गेल्या. दावा त्यांचा मुलगा शंभू पुढं चालवू लागला.

त्या रविवारी ताईला जागा पुन्हा पाहायची होती. मी गेटपाशी थांबले. ती एकटी आत गेली. आत नुसतं गवत, चारी बाजूंनी भिंत.

थोड्या वेळानं तिचा फोन आला.

"जुई, गेट कुठंय?"

मला हसू आलं. "मी गेटमध्येच उभी आहे. मागं वळ."

"वळले. गेट नाहीये."

मी आत पाहिलं. कुणी उभं असतं तर दिसलंच असतं.

ताई कुठंच नव्हती.

मी हाका मारल्या. गाडीचा हॉर्न दाबून धरला.

"हॉर्न वाजव ना गं," ती फोनवर म्हणाली.

मग तिच्यामागं... कुणीतरी खोकलं.

"ताई, कोण आहे तिथं?"

"कुणी नाही... जुई, मिश्रीचा वास येतोय."

ती रडायला लागली. भर कोर्टात कुणाला न दबणारी माझी ताई. "मला बाहेर काढ. काहीही कर, पण काढ."

आणि फोनमध्ये, अगदी जवळून, एक म्हातारा आवाज...

"हितं वाट न्हाई, बाई."

फोन बंद झाला.

मी सगळी जागा पालथी घातली. गवतात पाऊल पडल्याची खूणसुद्धा नव्हती. मग पळत शंभूचं घर गाठलं. तो म्हशीची धार काढत होता.

"तुमच्या पाया पडते, माझ्या बहिणीला शोधा."

काय ऐकलं ते मी सांगितलं. शंभूचे हात थांबले.

"गेटाकडं न्हाई," तो उठत म्हणाला. "शेतात चला."

लांबचा वळसा घालून गेलो. भिंतीच्या पलीकडं त्याचं शेत. ताई तिथं बांधावर बसली होती. पायात चप्पल नव्हती.

तिच्यामागं भिंत. पुरुषभर उंच. कुठं दार नाही, भगदाड नाही.

शंभूनं भिंतीला हात लावला. "आये," एवढंच म्हणाला.

ताईनं त्या दाव्यातून अंग काढून घेतलं. खूप दिवसांनी मला म्हणाली, "त्या आजीनं हात धरून आणलं मला. वाट आहे, जुई. चांगली मळलेली. मी चालले तिच्यावरून."

"मग सांग ना कोर्टात."

"ज्याची वकील होते, त्याच्याच विरोधात? आणि वाट कुणी दाखवली म्हणून सांगू?"

दावा अजून चालू आहे. ताई कोर्टात जात नाही. कुठंच जात नाही.

संध्याकाळी मी तिला बळंच सोसायटीत फिरायला नेते. चालताना तिचा उजवा हात अंगापासून जरा लांब असतो. कुणीतरी धरल्यासारखा.

मी तिच्या डाव्या बाजूनं चालते.

उजवीकडं... मी जात नाही.