अर्ध्या ताटावरनं उठवलेला वेसकर

तो मोबाइल बंद कर आधी. डोळ्यात उजेड मारतोय मेला. आणि दार लोटून घ्या रे कुणीतरी. गोष्ट पाहिजे ना? मग गप बसायचं. मधेच "काका खरं का, काका खोटं का" करायचं नाय. खोटं सांगून मला कोण बक्षीस देणार आहे?

किन्हवलीचा नरेंद्र माहीत आहे ना? विहाराच्या मागं घर, आसनगावला कंपनीत स्टोअर सांभाळतो. हां, तोच. त्याच्या घरातली गोष्ट. मी त्याच्याच तोंडून ऐकली, आणि शेवट माझ्या डोळ्यांनी बघितला.

साल दोन हजार सात. दिवाळी नुकतीच झालेली. नरेंद्रची बायको रश्मी पहिल्या बाळंतपणाला मुरबाडला, माहेरी. मुलगी झाली. सव्वा महिना झाला की दहा डिसेंबरला मायलेकींनी घरी यायचं असं ठरलेलं. नरेंद्रचे आईबाप आधीच गेलेले. शेजारी सख्खी आत्या गोजाबाई, ती दोन वेळची भाकर द्यायची. बाकी घरात हा एकटा. पण गडी खुशीत! भिंतींना रंग दिला, सुताराकडून पाळणा करून घेतला, आणि पाळण्याच्या साखळ्या आणायला एका रविवारी शहापूरला गेला.

साखळ्या घेतल्या. दुकानाच्या वरच रूपेशचं कम्प्युटरचं दुकान. रूपेश त्याचा शाळेतला दोस्त. चहा झाला, गप्पा झाल्या. उठताना रूपेश म्हणाला, "घरी एकटाच ना रे? घे, हा गेम टाक. बायको आल्यावर नाय बसू देणार." कॉपी मारलेली सीडी होती. तेव्हा विकत कोण घेत होतं?

आता हा गेम तुमच्यासारखा ढिशूम ढिशूम नव्हता. सात-आठशे वर्षांपूर्वीचा कुठला तरी गोऱ्यांचा मुलूख. त्यात तुमी एक फाटका माणूस. जंगल, नदी, गावं, कुठंही मोकळं फिरा, कुणी अडवणार नाय. पण सगळं खऱ्यासारखं. तुमच्या माणसाला भूक लागते, झोप येते. चिखलातनं आलात तर लोक नाक मुरडतात. लोहार सकाळी भाता फुंकतो, दुपारी जेवतो, रात्री झोपतो. कुणाचं चोरलंत तर तो डूख धरतो. आणि मेलेला माणूस परत उठत नाय. पडला तिथंच पडून राहतो.

दिवसभर लोडशेडिंग. लाइट यायची रात्री अकराला. तेव्हा हा बसायचा.

पहिल्या चार रात्री मजेत गेल्या. मग एक गाव लागलं, तटबंदीचं. वेशीवर पहारेकरी. म्हातारा, दाढी वाढलेली, हातात भाला. नरेंद्रचा माणूस वेशीशी गेला की भाला आडवा व्हायचा. म्हातारा इंग्रजीत बोलायचा, पण अर्थ काय तो तुमाला-मला न शिकवता कळेल. तुझ्यासारख्याला आत जागा नाय. बाहेर राहा.

नरेंद्रनं गेममधे नदीत आंघोळ केली. नवे कपडे घेतले. तरी तेच. बाहेर राहा.

हे त्याला लागलं. लागणारच! आपल्या आज्या-पणज्यांनी वेशीबाहेर जन्म काढले. आणि आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या पगाराच्या कम्प्युटरवर पण हेच ऐकायचं? मी त्याला नावं ठेवणार नाय. राग खरा होता. पण रागाला डोळे नसतात ते असं.

म्हातारा तिन्हीसांजेला जेवायला बसायचा. भाला भिंतीला लावायचा, दगडावर टेकायचा, लाकडी वाडगा मांडीत घ्यायचा. नरेंद्रनं ती वेळ साधली. मागनं गेला. सुरा काढला. म्हाताऱ्याचा घास तोंडात होता. वाडगा खाली पडला, अर्धी रोटी चिखलात. हा मेलेल्याचे बूट काढून, पायात घालून, वेशीतनं आत गेला. मोठ्यानं हसला म्हणे. एकटाच.

दुसऱ्या रात्री काय झालं ऐका.

लाइट आली. नरेंद्रनं कम्प्युटर लावला, ताट शेजारी घेतलं. भाकर, सुकटीची चटणी, कांदा. एक हात ताटात, एक हात माउसवर. तेवढ्यात ओटीवर पावलं वाजली. जड. ओल्या बुटांची.

आता सांगा, आपण जेवत असलो आणि कुणी दारात आलं, तर काय म्हणतो आपण?

बरोबर. वैरी आला तरी तेच निघतं तोंडातनं. शिकवावं लागत नाय. नरेंद्रनं मान वर न करता म्हटलं, "या, जेवायला या."

त्याला वाटलं, रूपेश असेल.

उत्तर नाय आलं. पण कुणीतरी बसलं. दाराच्या आत, पाठीमागं. म्हातारं माणूस बसतं तसं. गुडघे वाजले, श्वास सुटला. ओल्या चामड्याचा वास आला. आणि मग चावल्याचा आवाज. सावकाश.

नरेंद्रनं वळून बघितलं. कुणी नाय. वळून ताटात बघितलं, तर भाकर दगडासारखी, चटणीला आंबूस वास. तीन दिवसांचं शिळं असावं तसं. आत्यानं तासाभरापूर्वी तव्यावरनं काढून दिलेली भाकर!

आपला नरेंद्र भूतखेत मानणारा नाय. घरात देव्हारा नाय, बुद्धमूर्ती आहे. त्यानं उंदीर म्हटलं, वारा म्हटलं. दुसऱ्या दिवशी आत्याकडं जाऊन जेवला. घरी ताटच घेतलं नाय, कम्प्युटरला हात लावला नाय. तरी अकराला पावलं आली. तरी बसला तो. तरी चावण्याचा आवाज.

आणि तो सरकत होता. पहिल्या रात्री दाराशी. मग खोलीच्या मधोमध. मग आतल्या खोलीत. आतल्या खोलीत पाळणा टांगलेला होता, नवा, रिकामा. त्या रात्री नरेंद्रनं पाळण्याची साखळी वाजलेली ऐकली. आणि पाळण्याखालनं चावल्याचा आवाज.

मग मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःचं काय व्हायचं ते होवो. पण दहा तारखेला त्या पाळण्यात पोर निजणार होती.

सकाळी उठून त्यानं मुरबाडला फोन लावला. "रश्मी, अजून थोडे दिवस राहा ना तिकडंच."

"का?"

"असंच. घराचं काम निघालंय."

रश्मी म्हणाली, "मुलगी झाली म्हणून नको झाली का तुमाला? तसं सांगा तोंडावर. नायतर दहा तारखेला मी येणार. दादानं जीप सांगितलीय."

काय बोलणार? खरं सांगावं तर वेडा ठरतो, नाय सांगावं तर पोर नको असलेला बाप ठरतो. फोन ठेवला आणि तसाच आत्याच्या दारात जाऊन बसला. सगळं सांगितलं. गेम म्हंजे काय ते पण सांगितलं. गोजाबाई तांदूळ पाखडत होती. तिचे हात थांबले.

"जेवत्या मानसाला मारलास?"

"आत्या, खरा माणूस नव्हता गो तो. चित्र होतं."

"मग चित्राला भितोस कशाला, मुडद्या?"

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तुझा पनजा येसकर व्हता," आत्या म्हणाली. "रातभर गावाची येस राखायची. घरोघरनं शिळंपाकं मागून आनायचं, येशीवर बसून खायचं. दोन घास खाल्ले का हाक यायची. ऊठ रे, पाटलाचा घोडा आला. ऊठ रे, बैल सुटला. जल्मात पोटभर जेवला नाय. आनि तू येसकरालाच ताटावरनं उठवलास?"

"तो हाकलत होता मला, आत्या!"

"तो कोन हाकलनारा? वरनं सांगितलेलं बोलायचा त्यो. येस काय त्याच्या बापाची व्हती?"

नरेंद्र सांडलेले तांदूळ वेचायला लागला. आत्या बोलतच होती.

"आधी उठवलास. वर परत तुझ्याच तोंडानं बोलावलास. आता बोलावलेला पावना जेवल्याबिगर नाय उठनार. त्याचं ताट जिथं सांडलास, तिथंच पुरं कर. आनि मधी कुनाची हाक येऊ देऊ नको."

नऊ डिसेंबर. रविवार. कार्तिकातली अमावास्या. माना डोलवू नका, मी मुद्दाम अमावास्या घातलेली नाय, कॅलेंडर काढून बघा. दुसऱ्या दिवशी जीप येणार होती.

अकराला लाइट आली. पावलं आली. नरेंद्रकडं बघितलंसुद्धा नसेल त्यानं, थेट आत गेला. पाळण्याखाली बसला. चावायला लागला.

गेममधे एक सोय असते. आधी जिथं थांबवून ठेवला असेल, तिथनं परत सुरू करता येतो. नरेंद्रनं ते जुनं ठिकाण काढलं, सुरा चालवायच्या जरा आधीचं. तिन्हीसांज. वेस. दगडावर म्हातारा. मांडीत वाडगा. आणि याचा माणूस त्याच्या मागं उभा, हातात सुरा.

आतल्या खोलीतला आवाज थांबला.

एकदम.

...

नरेंद्रनं सुरा टाकून दिला. माउसवरनं हात काढला. म्हाताऱ्यानं रोटीचा तुकडा मोडला. खाल्ला. दुसरा मोडला. नरेंद्रच्या पाठीमागं... श्वास. ओलं चामडं. अगदी मानेजवळ. तो पण बघत होता.

तिसरा घास. चौथा.

तेवढ्यात गेममधे टापा वाजल्या. रस्त्यानं घोडेस्वार. चिलखतवाला, कुणीतरी मोठा. लांबनंच ओरडला, पहारेकऱ्या, दार उघड!

म्हातारा उठायला लागला. वाडगा अजून अर्धा.

मानेवरचा श्वास थांबला. आणि घरात, आतल्या खोलीत, पाळणा हलायला लागला. जोरात. साखळ्या कड्यातनं निखळतील असा.

नरेंद्रनं माउस धरला. आपला माणूस पळवला. थेट घोड्यापुढं नेऊन उभा केला, रस्त्याच्या मधोमध. हातात काय नाय. घोडा थांबला. स्वारानं शिवी दिली. हा हलला नाय. स्वारानं तलवार काढली. हा हलला नाय. आणि इथं खुर्चीत बसून नरेंद्र मोठ्यानं ओरडला, मराठीत, "थांब रे! माणूस जेवतोय!"

पहिला वार बसला. पडदा लाल झाला.

म्हातारा परत खाली टेकला.

दुसरा वार. नरेंद्रनं कुठलंच बटण दाबलं नाय. नुसता उभा. तिकडं म्हातारा खात होता. सावकाश. तिसरा वार. याचा माणूस गुडघ्यावर आला. शेवटचा तुकडा. म्हाताऱ्यानं वाडगा बोटानं पुसला. बोट चाटलं.

चौथा वार. पडदा काळा.

...

घरात मोरीकडं पाणी वाजलं. कुणीतरी हात धुतले. चूळ भरली. मग पावलं. आतल्या खोलीतनं बाहेरच्या खोलीत. नरेंद्रच्या पाठीशी आली. थांबली.

तो डोळे मिटून बसला. मोजता येणार नाय एवढा वेळ.

मग ओटी. मग अंगण. मग काय नाय.

सकाळी नरेंद्रनं सीडीचे तुकडे केले आणि चुलीत घातले. दुपारी जीप आली. रश्मी तोंड फुगवूनच उतरली. यानं पोर हातात घेतली आणि भर रस्त्यात हमसून हमसून रडला. आळी बघत होती. रश्मीचा राग तिथंच विरघळला. पोर पाळण्यात निजली. रात्री अकरा वाजले, बारा वाजले. कुणी आलं नाय. महिना गेला, सण गेले, कुणी आलं नाय.

सुटला म्हणालात ना मनात? मी पण तेच म्हणालो होतो.

सातव्या महिन्यात पोरीचं उष्टावण ठेवलं. पोरीला पहिला घास भरवायला मामा, म्हंजे रश्मीचा भाऊ हरेश, मुरबाडहून आला. आळीतली पन्नासेक माणसं. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यालाच टेकून बसलो होतो, गुडघा दुखतो म्हणून. भर दुपार. रश्मीनं तांदळाची खीर केली, वाटीत काढली, वर ताटली झाकली आणि आतल्या खोलीत ठेवली. पोर पाळण्यात निजलेली. दुसरं कुणी आत नव्हतं. मला ओलांडल्याशिवाय कुणाला जाता येत नव्हतं, आणि मला कुणी ओलांडलं नाय.

वेळ झाली. रश्मी आत गेली. वाटी घेऊन आली, हरेशपुढं ठेवली, ताटली काढली.

खीर अर्धी होती. उरलेलीत चार बोटं फिरलेली. रुंद. गड्यामाणसाची. आणि वाटीला ओल्या चामड्याचा वास.

कुणी म्हणालं, मांजर. मांजर परत झाकण घालत नाय.

हरेश उठला. आत जाऊन पोरीला उचलून आणलं, मांडीवर घेतलं, चमचा भरला आणि तिच्या तोंडाशी नेला. पोरीनं तोंड फिरवलं. तेव्हा आमी सगळ्यांनी बघितलं. तिच्या ओठाला खीर लागलेली होती, आणि पोट गच्च भरलेलं होतं.